स्तनातील गाठीचे निदान : प्रतिमाचित्रण आणि सूक्ष्मसुई पेशीपरीक्षा

स्तनात हाताला गाठ लागणे ही स्त्रियांना वैद्यकीय सल्ला घ्यायला लावणाऱ्या नेहमीच्या तक्रारींपैकी एक आहे. अशा गाठींपैकी बहुसंख्य गाठी सौम्य, म्हणजे जिवाला धोका नसलेल्या असतात. काही मात्र कर्करोगाच्या असतात. केवळ हाताने चाचपून या दोहोंत भेद करणे अनुभवी शल्यचिकित्सकालाही पुष्कळदा शक्य होत नाही. त्यामुळे निदानासाठी दोन प्रकारच्या तपासण्यांचा आधार घेतला जातो. पहिला प्रकार प्रतिमाचित्रणाचा. यात स्तनाचे क्ष-किरण चित्रण (मॅमोग्राफी) आणि श्राव्यातीत ध्वनिचित्रण (सोनोग्राफी) या तपासण्या येतात. दुसरा प्रकार सूक्ष्मसुई पेशीपरीक्षेचा. रुग्णालयात ती ‘एफएनएसी’ या आद्याक्षरांनी आणि बोलीत ‘सुईची तपासणी’ म्हणून ओळखली जाते.

या दोन तपासण्यांची तुलना वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार केली जाते. परंतु त्या एकाच प्रश्नाची दोन उत्तरे नव्हेत. प्रतिमाचित्रण गाठीचे रूप दाखवते : तिचा आकार, कडा, घनता आणि आसपासच्या ऊतींशी तिचा संबंध. पेशीपरीक्षा गाठीतील पेशी दाखवते. रूपावरून स्वभावाचा अंदाज बांधता येतो, तो पुष्कळदा खराही ठरतो. पण तो अंदाजच असतो. उलट पेशी प्रत्यक्ष पुरावा देतात, मात्र सुईचे टोक ज्या ठिकाणी पोहोचले तेवढ्याच जागेचा.

गाठींचे प्रकार

मराठीत ‘गाठ’ हा शब्द दोरीच्या गाठीपासून शरीरातील कोणत्याही फुगीर, घट्ट भागापर्यंत सर्वांसाठी वापरला जातो. जुन्या वैद्यकग्रंथांनी याहून बारीक भेद केला होता. सुश्रुतसंहितेत ‘ग्रंथी’ आणि ‘अर्बुद’ यांची वर्णने वेगवेगळी आहेत. आजच्या मराठी वैद्यकीय परिभाषेतील ‘अर्बुद’ हा शब्द तेथूनच आलेला आहे.

साधारणपणे पंधरा ते तीस-पस्तीस वर्षांच्या स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारी गाठ म्हणजे तंतुग्रंथिअर्बुद (फायब्रोएडेनोमा). ती गुळगुळीत, रबरासारखी घट्ट असते आणि बोटाखालून सहज निसटते. पस्तिशीनंतर रजोनिवृत्तीपर्यंतच्या काळात द्रवाने भरलेल्या गाठी, म्हणजेच बोलीतील ‘पाण्याच्या गाठी’, अधिक दिसतात. मासिक पाळीपूर्वी स्तन दुखणे व गाठाळ लागणे हा संप्रेरकांच्या चढउताराचा परिणाम असतो. स्तनपानाच्या काळात गळू होते किंवा दूध साचून गाठ बनते. मार लागल्यानंतर चरबीचा काही भाग मृत होऊन कठीण गाठ तयार होते. ती हाताला आणि चित्रणातही कर्करोगासारखी भासू शकते. भारतासारख्या देशात स्तनाच्या क्षयरोगाचाही विचार करावा लागतो.

कर्करोगाची गाठ बहुधा कठीण, ओबडधोबड आणि सुरुवातीला न दुखणारी असते. हे शेवटचे लक्षण फार महत्त्वाचे आहे. दुखत नाही म्हणून गाठीकडे दुर्लक्ष होते, आणि उपचाराला सर्वांत उपयुक्त असा काळ त्यात निघून जातो. स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसणे किंवा काखेत गाठ लागणे ही लक्षणे असल्यास संशय बळावतो.

स्तनाचे क्ष-किरण चित्रण

बर्लिन येथील शल्यचिकित्सक आल्बर्ट सालोमोन यांनी १९१३ मध्ये शस्त्रक्रियेने काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांची क्ष-किरण चित्रे घेऊन त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कर्करोगाच्या गाठीत दिसणाऱ्या सूक्ष्म कणांची नोंद त्यांनी तेव्हाच केली होती. पुढे उरुग्वेचे राउल लेबोर्न यांनी स्तन दाबून चित्र घेण्याचे आणि या कणांचे महत्त्व दाखवून दिले. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे रॉबर्ट ईगन यांनी विकसित केलेली, कोठेही त्याच दर्जाने करता येईल अशी पद्धत १९६० मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर ही तपासणी रुग्णालयांत रुळली.

या तपासणीत स्तन दोन सपाट पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबून धरला जातो व प्रत्येक स्तनाची वरून खाली आणि तिरकी अशी दोन चित्रे घेतली जातात. दाब नकोसा वाटतो, पण तो निरुपयोगी नसतो : त्यामुळे ऊती पसरतात, एकमेकांवर पडणाऱ्या सावल्या कमी होतात आणि कमी किरणांत काम भागते. दोन्ही स्तनांच्या नेहमीच्या तपासणीतील किरणोत्सर्ग माणसाला निसर्गातून काही आठवड्यांत मिळणाऱ्या किरणोत्सर्गाइतकाच असतो.

चित्रात कर्करोगाची गाठ बहुधा अनियमित आकाराची दिसते आणि तिच्या कडांतून सर्व दिशांना बारीक रेषा फुटलेल्या असतात. ‘कर्क’ म्हणजे खेकडा. ग्रीक वैद्यांनी या रोगाला खेकड्याचेच नाव दिले आणि मराठी शब्दही तोच अर्थ सांगतो. क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधी दिलेले हे नाव स्तनाच्या क्ष-किरण चित्राला इतके चपखल बसावे, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे. सौम्य गाठीची कड उलट रेखीव असते. वयस्क स्त्रीच्या जुन्या तंतुग्रंथिअर्बुदात कॅल्शियमचे मोठे, मक्याच्या लाहीसारखे कण साचतात. ते दिसले की पुढील तपासणीची गरज बहुधा राहत नाही. पण अर्ध्या मिलिमीटरहून लहान, वेड्यावाकड्या आकाराच्या कणांचा पुंजका हा धोक्याचा इशारा असतो. असे कण हाताला कधीच लागत नाहीत, आणि त्यांचा माग लावण्यात या तपासणीची बरोबरी दुसरी कोणतीही तपासणी सहजासहजी करू शकत नाही.

तिची मोठी मर्यादा स्तनाच्या घनतेत आहे. तरुण वयात स्तनात ग्रंथींचा भाग अधिक आणि चरबी कमी असते. क्ष-किरण चित्रात ग्रंथी पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच दिसते. त्यामुळे ती झाकली जाते. हाताला लागणाऱ्या कर्करोगाच्या गाठींपैकीही साधारण दहा टक्के किंवा त्याहून थोड्या अधिक गाठी या चित्रात दिसत नाहीत. म्हणून गाठ हाताला स्पष्ट लागत असेल आणि मॅमोग्राफीचा अहवाल ‘निर्दोष’ असेल, तर तेवढ्यावर तपास थांबवणे ही गंभीर चूक ठरते.

श्राव्यातीत ध्वनिचित्रण

अमेरिकेत जॉन वाइल्ड आणि जॉन रीड यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी स्तनाच्या गाठींवर ध्वनिलहरींचे प्रयोग केले. आज या तपासणीत किरणोत्सर्ग नाही, स्तन दाबावा लागत नाही आणि घन स्तनातही गाठ दिसते; त्यामुळे तिशीच्या आतील, गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांसाठी हीच पहिली तपासणी मानली जाते. चाळिशीनंतर पहिला मान मॅमोग्राफीचा असतो व सोनोग्राफी तिला पूरक ठरते. मधल्या दशकात परिस्थितीनुसार दोहोंपैकी कोणतीही आधी केली जाते.

द्रव आणि घन यांतील भेद ही या तपासणीची खरी हुकमत. साधी पाण्याची गाठ पडद्यावर पूर्ण काळी, पातळ भिंतीची दिसते आणि तिच्या मागचा भाग उजळतो, कारण द्रवातून ध्वनी विनाअडथळा पुढे जातो. अशा गाठीचे निदान येथेच पुरे होते. घन गाठीच्या बाबतीत मात्र आकार व कडा पाहाव्या लागतात. त्वचेला समांतर आडवी पसरलेली, लंबगोल गाठ सौम्य असण्याची शक्यता अधिक. रुंदीपेक्षा उंचीने जास्त, वेड्यावाकड्या कडांची आणि मागे गडद सावली टाकणारी गाठ संशयास्पद. या तपासणीचे यश करणाऱ्याच्या हातावर आणि डोळ्यावर फार अवलंबून असते, हे तिच्याबद्दल नेहमी सांगितले जाणारे वाक्य खरे आहे.

प्रतिमांचे अहवाल एकसारखे असावेत म्हणून अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘बाय-रॅड्स’ ही श्रेणीपद्धत आणली. तिच्यात ० ते ६ अशा श्रेणी आहेत. ० म्हणजे तपासणी अपुरी; १ निर्दोष; २ निश्चित सौम्य; ३ बहुधा सौम्य, म्हणजे कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांहून अधिक नाही; ४ संशयास्पद; ५ कर्करोगाची शक्यता किमान ९५ टक्के; आणि ६ म्हणजे आधीच सिद्ध झालेला कर्करोग. यांतील चौथी श्रेणी दोन टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत पसरलेली आहे, म्हणून तिचे पुन्हा तीन उपविभाग करावे लागले. अहवालावर ‘४’ हा आकडा वाचून हादरून जाणाऱ्या रुग्णाला ही व्याप्ती समजावून सांगणे आवश्यक असते.

सूक्ष्मसुई पेशीपरीक्षा

न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील हेझ मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी १९३० मध्ये सुईने गाठीतील पेशी ओढून तपासण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांची सुई १८ क्रमांकाची, म्हणजे आजच्या मानाने जाड होती. ही पद्धत खऱ्या अर्थाने रुजवली ती स्वीडनमधील कारोलिन्स्का संस्थेच्या वैद्यांनी. सिक्स्टन फ्रान्झेन, योसेफ झाइचेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० आणि १९६० च्या दशकांत बारीक सुया वापरून हजारो रुग्ण तपासले. सुईच्या क्रमांकाचा हिशेब उलटा असतो : क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक. आता वापरली जाणारी २२ ते २५ क्रमांकाची सुई इंजेक्शनच्या नेहमीच्या सुईसारखीच असते, त्यामुळे बहुधा बधिरीकरणाची गरज पडत नाही.

गाठ दोन बोटांत स्थिर धरून सुई आत घालतात, सिरिंजचा दट्ट्या ओढून पोकळी निर्माण करतात आणि सुई गाठीच्या आतच वेगवेगळ्या दिशांनी मागेपुढे फिरवतात. बाहेर काढण्यापूर्वी ओढ सोडून द्यावी लागते. नाही तर सुईतील पेशी सिरिंजमध्ये खेचल्या जातात आणि हाती काही लागत नाही. मिळालेला थेंब काचपट्टीवर पसरतात. काही पट्ट्या हवेत वाळवून, काही अल्कोहोलमध्ये बुडवून वेगवेगळ्या रंजकांनी रंगवल्या जातात. सगळी क्रिया काही मिनिटांची असते. तज्ज्ञ जागेवरच असल्यास प्राथमिक मत तासाभरात मिळू शकते.

सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य गाठीतील पेशी एकमेकींना धरून, सलग थरांत दिसतात. तंतुग्रंथिअर्बुदात या थरांना हरणाच्या शिंगांसारखे फाटे फुटलेले असतात आणि आजूबाजूला लहान, लांबट, उघडी पेशीकेंद्रके विखुरलेली असतात. कर्करोगात पेशींची ही एकी मोडते : त्या सुट्या पडतात, त्यांची केंद्रके मोठी व असमान होतात आणि ती लहान उघडी केंद्रके दिसेनाशी होतात. निष्कर्ष पाच वर्गांत सांगितला जातो : अपुरा नमुना, सौम्य, असामान्य पण बहुधा सौम्य, संशयास्पद आणि मारक. जपानमधील योकोहामा शहराच्या नावाने ओळखली जाणारी अलीकडची आंतरराष्ट्रीय पद्धतही याच पाच वर्गांवर उभी आहे.

‘अपुरा नमुना’ हा निष्कर्ष नीट समजून घेतला पाहिजे. त्याचा अर्थ ‘काही सापडले नाही’ असा नाही, तर ‘काही सांगता येत नाही’ असा आहे. अहवाल वाचताना या दोहोंची गल्लत सर्रास होते.

पेशीपरीक्षेची खरी उणीव वेगळीच आहे. सुईतून येतात त्या सुट्या पेशी. त्या ज्या रचनेत बसलेल्या होत्या ती रचना येत नाही. फुले तोडून आणली तर झाड कोणते ते सांगता येते, पण त्याने कुंपण ओलांडले होते की नाही हे सांगता येत नाही. स्तनातील नलिकेच्या आतच असलेला कर्करोग आणि नलिकेची भिंत भेदून बाहेर पडलेला कर्करोग यांत पेशीपरीक्षा म्हणूनच निश्चित भेद करू शकत नाही, आणि उपचार तर या भेदावर अवलंबून असतात. खंडिकांत उद्‌भवणाऱ्या काही कर्करोगांत पेशी लहान, थोड्या आणि निरुपद्रवी दिसणाऱ्या असतात. तेथे ही तपासणी फसू शकते. उलट गर्भारपणातील स्तन, मृत चरबीची गाठ किंवा तंतुग्रंथिअर्बुदच कधी कधी कर्करोगाचा आभास निर्माण करते.

तुलनेतील आकडे कसे वाचावेत

दोन तपासण्यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत दोन शब्द नेहमी येतात. ज्यांना खरोखर कर्करोग आहे त्यांच्यापैकी किती जणींना तपासणीने ओळखले, ती संवेदनशीलता. आणि ज्यांना कर्करोग नाही त्यांच्यापैकी किती जणींना तिने निर्दोष ठरवले, ती विशिष्टता. दोन्ही गुण ९० टक्के असलेली एक काल्पनिक तपासणी घेऊ. शल्यचिकित्सा विभागात आलेल्या २०० स्त्रियांपैकी ६० जणींना कर्करोग आहे असे समजले, तर त्यांतील ५४ ओळखल्या जातील आणि उरलेल्या १४० निरोगी स्त्रियांपैकी १४ जणींवर चुकीचा शिक्का बसेल. म्हणजे ‘कर्करोग’ असा निष्कर्ष मिळालेल्या ६८ स्त्रियांपैकी ५४ जणींच्या बाबतीत, जवळजवळ ७९ टक्क्यांत, तो खरा असेल. आता हीच तपासणी १,००० तरुण स्त्रियांवर केली आणि त्यांच्यात फक्त १० जणींना कर्करोग असला, तर ९ ओळखल्या जातील, पण ९९० पैकी ९९ निरोगी स्त्रियाही संशयित ठरतील. तेथे अशा निष्कर्षांपैकी जेमतेम आठ टक्के खरे असतील. तपासणी तीच, यंत्र तेच. बदलल्या त्या केवळ तपासलेल्या स्त्रिया. मोठ्या रुग्णालयातील अभ्यासाचा आकडा तालुक्याच्या गावी तसाच लागू करता येत नाही, याचे कारण हेच आहे.

पेशीपरीक्षेच्या आकड्यांत आणखी एक मेख असते. कर्करोगाच्या १०० गाठींपैकी ८० ‘मारक’, १० ‘संशयास्पद’, ४ ‘सौम्य’ आणि ६ ‘अपुरा नमुना’ अशा नोंदल्या गेल्या असे मानू. अपुरे नमुने वगळले आणि संशयास्पद गाठी पकडल्या असे धरले, तर संवेदनशीलता ९४ पैकी ९०, म्हणजे जवळजवळ ९६ टक्के येते. फक्त ‘मारक’ हाच पक्का निकाल मानला आणि काहीच वगळले नाही, तर ती ८० टक्के उरते. दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत. शिवाय अशा अभ्यासांत अंतिम पुरावा म्हणून शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठीची तपासणी घेतली जाते. परंतु ज्या गाठी निःसंशय सौम्य वाटल्या त्यांच्यावर बहुधा शस्त्रक्रियाच होत नाही आणि त्या हिशेबातून गळतात. त्यामुळे ‘प्रतिमाचित्रण श्रेष्ठ की सुई श्रेष्ठ’ या प्रश्नाचे एका आकड्यात दिलेले उत्तर सावधपणे घ्यावे लागते.

एवढे मात्र सर्वमान्य आहे की, अनुभवी हातांनी केलेल्या पेशीपरीक्षेत ‘मारक’ हा निष्कर्ष क्वचितच चुकतो, आणि ‘सौम्य’ हा निष्कर्ष एकट्याने पुरेसा मानला जात नाही. प्रतिमाचित्रणाचे बळ न लागणाऱ्या गाठी शोधण्यात, गाठीचा विस्तार मोजण्यात आणि दुसऱ्या स्तनाकडेही पाहण्यात आहे. सुई तेथे आंधळी आहे. हाताला न लागणाऱ्या गाठीत ती घालायची, तर तिला सोनोग्राफीचाच डोळा द्यावा लागतो.

त्रिविध परीक्षण

व्यवहारात म्हणूनच चाचपणी, प्रतिमाचित्रण आणि सुईचा नमुना ही तिन्ही एकत्र पाहिली जातात. तिन्हींचे मत एक असेल, तर निदान ९९ टक्के किंवा त्याहून अधिक प्रसंगी बरोबर ठरते. मतभेद असल्यास बहुमताला किंमत नसते; तिघांत जे सर्वांत अधिक संशय घेते त्याचे ऐकले जाते आणि तपास पुढे नेला जातो. पेशीपरीक्षा सौम्य आणि चित्र पाचव्या श्रेणीचे असेल, तर सुई गाठीला चुकली असे धरून पुन्हा नमुना घेतला जातो.

क्रमही महत्त्वाचा आहे. सुई टोचल्यावर आत रक्त साकळून चित्र बिघडू शकते, म्हणून प्रतिमाचित्रण आधी आणि सुई नंतर. पाण्याच्या गाठीतील द्रव काढल्यावर गाठ पूर्ण नाहीशी झाली आणि द्रवात रक्त नसले, तर तो तपासायला पाठवण्याची गरज पडत नाही. रक्तमिश्रित द्रव मात्र पाठवावाच लागतो.

१९९० च्या दशकापासून अनेक देशांत पेशीपरीक्षेची जागा जाड सुईच्या ऊतिपरीक्षेने घेतली आहे. बधिरीकरण करून, स्प्रिंग असलेल्या उपकरणाने आणि बहुधा १४ क्रमांकाच्या सुईने गाठीचे दोऱ्यासारखे तुकडे काढले जातात. बोलीत तिला ‘तुकडा तपासणी’ म्हणतात. तिच्यात ऊतीची रचना टिकून राहते, कर्करोग नलिकेबाहेर पडला आहे काय हे कळते आणि संप्रेरक-ग्राहक व ‘हर-२’ या प्रथिनाच्या चाचण्या विश्वासाने करता येतात. कोणते औषध लागू पडेल हे या चाचण्यांवर ठरते. त्यामुळे कर्करोगाचा दाट संशय असेल तेथे आता थेट हीच तपासणी करणे योग्य मानले जाते. काखेतील लसीका ग्रंथी, पाण्याच्या गाठी, उपचारानंतर त्याच जागी पुन्हा आलेली लहान गाठ अशा ठिकाणी बारीक सुईचे महत्त्व टिकून आहे.

भारतातील परिस्थिती

स्तनाचा कर्करोग हा भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे, आणि पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत येथील रुग्ण सरासरीने सुमारे दहा वर्षांनी तरुण असतात. देशाची लोकसंख्याच तरुण असणे हे त्याचे एक कारण आहे. तरुण, घन स्तनांत मॅमोग्राफी उणी पडते, शिवाय तिची यंत्रे मुख्यतः शहरांत आहेत. सोनोग्राफी अधिक ठिकाणी पोहोचली असली, तरी गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यानुसार प्रत्येक यंत्राची नोंदणी बंधनकारक असल्यामुळे ते शिबिरासाठी गावोगावी नेणे सोपे नाही. अशा वेळी एक सुई, काही काचपट्ट्या आणि रंजक एवढ्या साहित्यावर होणारी पेशीपरीक्षा जिल्हा रुग्णालयांत आजही निदानाचा मोठा आधार आहे. काचपट्ट्या दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवता येतात, ही तिची आणखी एक सोय.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये सुरू केलेल्या व सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश असलेल्या दीर्घ अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या केवळ हाताच्या तपासणीचा परिणाम पाहिला गेला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोग अधिक लवकरच्या अवस्थेत सापडू लागला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयोगट मिळून दिसलेली घट मात्र संख्याशास्त्रीय कसोटीवर निर्णायक ठरली नाही. हा अभ्यास चाळणी-तपासणीचा होता, गाठीच्या निदानाचा नव्हे. तरी महागड्या यंत्रांविना काय साधते हे त्यातून दिसले.

‘गाठीला सुई लागली की रोग पसरतो’ हा समज महाराष्ट्रात, शहरांतही, ऐकू येतो. सुईच्या मार्गात काही पेशी सांडू शकतात हे खरे. पण बारीक सुईच्या तपासणीमुळे रुग्णाचे आयुष्य घटते असे आढळलेले नाही. तपासणीनंतर दोन-तीन दिवस राहणारे काळेनिळे डाग आणि किंचित दुखणे एवढाच त्रास बहुधा होतो. फुप्फुसाच्या आवरणाला सुई लागण्याचा प्रसंग अगदी विरळा. सुईला नकार देऊन गाठ तशीच ठेवलेल्या स्त्रिया काही महिन्यांनी येतात तेव्हा गाठ वाढलेली असते आणि दोष त्या गाठीकडे बोट दाखवणाऱ्या तपासणीला दिला जातो.

पुरुषांच्या स्तनातही गाठी होतात. त्यांपैकी बहुतेक संप्रेरकांच्या असमतोलामुळे किंवा काही औषधांमुळे वाढलेल्या ग्रंथीच्या असतात. स्तनाच्या कर्करोगाच्या एकूण रुग्णांत पुरुषांचे प्रमाण सुमारे एक टक्का आहे. त्यांच्यातही तपासण्यांचा क्रम तोच असतो. फक्त गाठ दाखवायला ते बहुधा फार उशिरा येतात.